आहे तसे ठेवा

वेलांटीकाकांनी आयुष्यात एकच पुस्तक वाचलं. बाकीची सगळी तपासली.

चौतीस वर्षं ते एकाच छापखान्यात प्रुफं तपासत होते. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर उभा राहिला की त्याचा एक कच्चा छाप काढतात, ते प्रूफ. त्यातल्या चुका लाल शाईनं दाखवून देणं हे काकांचं काम. हे काम करणाऱ्याला छापखान्यात एरवी कुणी विचारत नाही. चूक राहिली की मात्र सगळ्यांना त्याची आठवण येते. नाव त्यांना चारचौघांसारखं होतं. पण एकदा शाळेच्या पुस्तकाची छपाई सुरू झालेली असताना त्यांनी धावत जाऊन यंत्र बंद पाडलं, एका वेलांटीपायी. ऱ्हस्व हवी होती, दीर्घ पडली होती. तेव्हापासून मालकांपासून झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांचे ते वेलांटीकाका झाले. अंगानंही ते तसेच होते, वर वाकलेले आणि खाली नुसती काठी.

त्यांची एक पद्धत होती. ती समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. ओळीखाली ते एक लाकडी पट्टी धरत. पट्टीच्या वरची ओळ तेवढी दिसली पाहिजे, खालची दिसता कामा नये. आणि त्या ओळीतही ते शब्द वाचत नसत, अक्षरं बघत. नवा माणूस हाताखाली आला की पहिल्याच दिवशी त्याला सांगत, "अर्थात शिरायचं नाही. शिरलास की मेलास. मजकूर आवडला की डोळा पुढं पळतो, आणि पळत्या डोळ्याला चूक दिसत नाही. ध चा मा व्हायला काय वेळ लागतो?" यात खोटं काही नाही, या धंद्यातला कुणीही हेच सांगेल. पण चौतीस वर्षं रोज आठ तास अर्थापासून चार हात लांब बसलं की माणसाला तिथंच बसायची सवय लागते. काकांच्या हाताखालून शेकड्यांनी कादंबऱ्या गेल्या आणि एकीतही शेवटी काय झालं ते त्यांना सांगता आलं नसतं.

गोष्ट कशी असावी याबद्दल मात्र त्यांची मतं पक्की होती. सुरुवात सुरुवातीला, शेवट शेवटी, आणि बोलणारा कोण ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. स्वतः नाकासमोर चालणारा माणूस. गोष्टही नाकासमोर चालावी एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांना एकच मुलगी. घरात तिला ठकी म्हणत. तिला लिहिता यायला लागल्यापासून बापलेकीचा एक खेळ होता. ती मामाकडे सुट्टीला गेली की पत्र लिहायची. काका ते लाल शाईनं तपासून, खाली शंभरातले गुण देऊन, तिलाच परत पाठवायचे. ती दुरुस्त करून पुन्हा पाठवायची. पोस्टमनसुद्धा हसायचा. पण त्या घरात माया अशीच चाले. काकांना पोरीच्या पाठीवरून हात फिरवणं जमत नसे, अनुस्वार देणं जमे. ठकीला ते ठाऊक होतं. कधीकधी ती मुद्दाम दोन-चार चुका ठेवायची, बाबांना काहीतरी सापडावं म्हणून.

लग्न होऊन ठकी बसनं सहा तासांवरच्या गावी गेली. जावई एका गोदामावर देखरेखीला होता. घरात त्याची आई आणि धाकटा भाऊ. माणसं बरी वाटली. बरी वाटणं आणि बरी असणं यांत अंतर असतं, पण ते मोजायला काकांची पट्टी कामाची नव्हती.

आठव्या महिन्यात तिचं एक पत्र आलं. दोन कागद, दोन्ही अंगांनी भरलेले, पेन्सिलीनं. काकूंची अक्षरओळख बेताची, त्यामुळे लेकीची पत्रं काका मोठ्यानं वाचून दाखवत. त्या दिवशी वाचायला लागले आणि पहिल्याच ओळीत अडखळले.

"बाबा मी बरी आहे म्हणजे परवा मोरीत पाणी सांडलं होतं आणि मग ते मी काही बोललेच नव्हते तरी हाताचं आता बरं आहे आईला सांगू नका दिवसभर दार बाहेरून आणि वाटीत पाणी होतं पण तुम्ही आलात तर किंवा नका येऊ मी लिहीन पुन्हा दार"

असे दोन कागद. पूर्णविराम औषधालाही नव्हता.

काकू हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. "पोरीचं काहीतरी बिनसलंय हो."

"व्याकरण बिनसलंय," काका म्हणाले.

हा विनोद होता. काकू तो पुढे जन्मात विसरल्या नाहीत.

काकांनी पट्टी काढली आणि टेबलाशी बसले. 'दार बाहेरून' याच्यापुढे कडेच्या समासात लिहिलं, 'क्रियापद?'. 'आणि मग ते' याला गोल करून लिहिलं, 'ते कोण? कर्ता स्पष्ट हवा.' 'मोरीत' हा शब्द त्यांना गावंढळ वाटला. तो खोडून वर 'स्नानगृहात' असं केलं. 'दार' हा शब्द चार वेळा आला होता, तीन ठिकाणी लाल रेघ ओढली. खाली शेरा दिला, 'वाक्ये अपूर्ण. घाई दिसते. स्वच्छ लिहून पाठव.' आणि गुण दिले बावीस.

काकू म्हणाल्या, "एकदा जाऊन तरी या."

"आधी नीट लिहून येऊ दे. मग कळेल काय ते."

आणि पाकिटावर पत्ता घालून, तिकीट लावून, ते पत्र त्यांनी तिच्या सासरी परत धाडलं. इथं वाचणाऱ्यानं कपाळाला हात लावला तर नवल नाही. पोरीनं जे चोरून लिहिलं असणार, कुणाच्या तरी हातापाया पडून पेटीत टाकायला दिलं असणार, ते लाल शाईनं ठळक करून त्याच उंबऱ्यावर. ते पाकीट कोण फोडेल हे काकांच्या मनातही आलं नाही. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट माणसाला निदान एवढं तरी सुचलं असतं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. शाईनं, आखीव अक्षरात. 'मी स्नानगृहात पाय घसरून पडले. हाताला किरकोळ दुखापत झाली. आता मी पूर्ण बरी आहे. घरातील सर्व मंडळी माझी काळजी घेतात.' काकांनी पंच्याण्णव गुण दिले, आणि पत्र इतकं स्वच्छ की परत पाठवायचं कारणच उरलं नाही. पुढे दर महिन्याला तसंच पत्र येत गेलं, शंभरातलं शंभर. काका कौतुकानं वाचून दाखवत. काकू ऐकून घेत आणि आत निघून जात.

अशी चार-पाच पत्रं झाली असतील, तेव्हा छापखान्यात एक कादंबरी आली. लिहिणारी बाई एका इस्पितळात नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. मालकांच्या आईचं शेवटचं दुखणं तिनं काढलं होतं, त्यामुळे मालकांना नाही म्हणता येईना. ताप नोंदवायच्या तक्त्यांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली ती चळत जुळवायला घेतलेला जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, आठवड्याभरातच काकांकडे आला.

"काका, ह्या बाईला पूर्णविरामाचं वावडं आहे काय? चाळीस पानं जुळवली, त्या खिळ्याच्या खणाला हात लागला नाही."

काकांनी प्रुफं आणि ती चळत पुढं ओढली. एका खोलीतली एकच दुपार सतरा वेळा सांगितलेली होती. पुस्तक सुरू होत होतं नवव्या प्रकरणापासून. एक वाक्य चार पानं चालायचं आणि क्रियापद यायच्या आत थांबायचं. बोलणाऱ्या बाईला नाव नव्हतं, आणि ती कुणाबद्दल बोलतेय त्यालाही नव्हतं. नुसतं 'ते' आणि 'त्यांनी'. एका पानावर 'पाणी' एवढाच शब्द होता. एक पान कोरं होतं आणि त्यालाही आकडा होता.

काका मालकांकडे गेले. मालक म्हणाले, "नवी तऱ्हा आहे म्हणतात. हल्ली काही लोक असं लिहितात. गोष्ट सांगायचीच नाही, असं काहीतरी."

"गोष्ट सांगायची नाही तर लिहायची कशाला?"

"ते मला विचारू नका. तुम्ही तुमचं बघा."

काकांनी 'तुमचं बघा' याचा अर्थ आपल्या परीनं लावला. पाच आठवडे ते त्या कादंबरीवर बसले. तेराशेच्या वर पूर्णविराम दिले. पळालेली क्रियापदं पकडून आणून जागेवर बसवली. प्रत्येक 'ते'च्या जागी कधी 'पती', कधी 'सासरे' असं घातलं. सतरा दुपारी मोडून त्यांची एक दुपार केली: बाई खोलीत येते, बोलाचाली होते, बाई पडते, संध्याकाळ होते. कोरं पान काढून टाकलं. 'पाणी'चं 'तिने पाणी मागितले.' झालं. एवढं करताना एकच अडचण आली. तुकडे क्रमानं लावायचे तर ते वाचावे लागत होते, आणि पट्टी धरून वाचता येत नव्हतं. काकांनी पट्टी खणात टाकली. त्या पाच आठवड्यांत त्यांना जेवण नीट गेलं नाही, झोप नीट लागली नाही, आणि कशामुळं ते कळेना. वय झालं असं त्यांनी ठरवून टाकलं.

सिस्टर प्रुफं बघायला आली ती सकाळची पाळी संपवून, पायांत इस्पितळातलेच पांढरे बूट. चाळिशीची, रुंद हाडाची बाई. खिडकीजवळच्या बाकावर बसून तिनं दहा-बारा पानं वाचली. काका समोर उभे होते, निकालाला उभं राहावं तसे.

"हे कुणी केलं?"

"मी."

"बरीच मेहनत घेतलीत."

"आता कुणालाही कळेल," काका म्हणाले. "राग मानू नका बाई, पण गोष्टीला सुरुवात लागते, शेवट लागतो. कोण कुणाला काय करतंय ते तरी कळायला हवं. तुमचं सगळं नुसतं सांडल्यासारखं होतं."

सिस्टर चिडली नाही. चिडली असती तर काकांना सोपं गेलं असतं. तिनं पानं मांडीवर ठेवली.

"मी एकोणीस वर्षं बायकांच्या वॉर्डात आहे, काका. घरातून उचलून आणलेल्या बाया असतात. कुणाचा हात मोडलाय, कुणाचं डोकं फुटलंय. मी विचारते, काय झालं गं? जिला खरं सांगायचं असतं ना, तिला सुरुवातच सापडत नाही. ती मधलंच काहीतरी धरते. दाराची कडी धरते, नाहीतर सांडलेलं पाणी. तेच तेच सांगते. दर खेपेला इतकंसं पुढं जाते आणि गप्प होते. कुणी केलं ते तर तोंडातून निघतच नाही. ते म्हणते, त्यांनी म्हणते, आणि दरवाजाकडे बघते. मला ते जसं ऐकलं तसं ठेवायचं होतं. त्याची गोष्ट केली की ते खोटं होतं."

 काकांनी एक प्रश्न विचारला. तो का विचारला ते त्यांनाही कळलं नाही.

"आणि सरळ सांगणाऱ्या नसतात?"

"असतात की. पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठं न अडखळता. पाय घसरला. हाताला लागलं. घरचे सगळे काळजी घेतात. त्या पढवलेल्या असतात, काका. सोबत आलेलं माणूस बाजूला उभं राहून मान डोलवत असतं, बरोबर म्हणतेय ना ते बघत. मला आता नुसत्या वाक्यावरून कळतं. जेवढं स्वच्छ वाक्य, तेवढी मी घाबरते."

काका लाल शाईच्या बाटलीचं झाकण लावायला गेले. ते लागेना. दोनदा आटे चुकले. शेवटी सिस्टरनंच ते लावून दिलं आणि विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"प्रुफं इथंच राहू द्या," काका म्हणाले. "मी बघतो."

त्या दिवशी ते वेळेआधी घरी गेले. चौतीस वर्षांत हे पहिल्यांदा. फळीवरून ठकीची पत्रं काढली आणि टेबलावर ओळीनं मांडली. सात होती. पट्टी न धरता, सगळी एकदम समोर ठेवून त्यांनी ती वाचली. 'घरातील सर्व मंडळी माझी काळजी घेतात.' सातही पत्रांत हे वाक्य होतं. सातही पत्रांत चौथं होतं.

काकू दारात येऊन उभ्या होत्या. काका म्हणाले, "ही पत्रं तिची नाहीत. कुणीतरी सांगतंय आणि ती लिहितेय."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," काकू म्हणाल्या. "मला वाचता येत नाही. तुम्हाला येतं. म्हणून मी गप्प बसले. तीच माझी चूक." एवढं बोलून त्या खाली बसल्या आणि रडल्या. काकांना रडूही येईना. आपण काय केलं ते त्यांना आता अक्षरन् अक्षर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ते गेले. दोन खोल्यांचं घर, वर जायला बाहेरून अरुंद जिना. विहीणबाईंनी आगतस्वागत केलं, या बसा म्हटलं, पाणी दिलं. काकांनी हातपाय धुवायचं निमित्त काढून मोरी पाहिली. तिच्या दाराला कडी बाहेरून होती. आतून नव्हती. आतल्या बाजूला कडीच्या जागी चार भोकं होती, स्क्रू काढल्याची.

ठकी चहा घेऊन आली. कप उजव्या हातात होता आणि डावा कोपरातून पुरता सरळ होत नव्हता. ती खाली बसली, तिच्या आणि काकांच्या मध्ये सासू.

"कशी आहेस गं?"

"मी पूर्ण बरी आहे," ठकी म्हणाली. "घरातील सर्व मंडळी माझी काळजी घेतात."

घरातील. बोलताना घरातील असं कुणी म्हणत नाही, 'घरातली' म्हणतात. काकांनीच कधीतरी तिला ते शिकवलं होतं, बोलायचं वेगळं आणि लिहायचं वेगळं. सासूनं मान डोलवली.

बसपर्यंत पोचवायला काकांनी लेकीला मागून घेतलं. "कोपऱ्यापर्यंत जा आणि लगेच ये," सासू म्हणाली आणि दारात उभी राहिली. बापलेक चालू लागले. रस्त्याच्या कडेला एक माणूस सायकलचं पंक्चर काढत बसला होता, त्याला ओलांडून गेल्यावर काका म्हणाले, "ठके, कसंही सांग. मधूनच सांग, अर्धंच सांग. मी काही म्हणणार नाही."

 ती समोर बघतच म्हणाली, "तुम्ही पत्र परत पाठवलंत ना. ते यांनी सगळ्यांना बसवून वाचलं. तुमची लाल शाई जिथं जिथं होती, तिथं थांबून थांबून. कर्ता कोण, असं तुम्ही विचारलं होतं. यांनी मला उभं केलं आणि म्हणाले, बाप विचारतोय, सांग कोण. सांग ना. मग दीर हसले. आणि मग"

तिथं ती थांबली. काकाही थांबले. त्यांनी वाट पाहिली, आयुष्यात कुठल्याच वाक्याची पाहिली नव्हती एवढी. ते वाक्य तिनं पुरं केलं नाही.

"आत्ताच्या आत्ता चल," काका म्हणाले. "नेसत्या वस्त्रानिशी चल. आई घरी वाट बघतेय."

ठकीनं मागं वळून पाहिलं. दारात आता सासूशेजारी दीरही होता. "असं मधूनच कसं येता येईल, बाबा? महिनाअखेरीला यांना विचारून येते. मी तसं नीट लिहून कळवीन."

तेव्हा हात धरून ओढायला हवं होतं. गळा काढायला हवा होता, त्या पंक्चरवाल्याला हाक मारायला हवी होती, चार माणसं गोळा करायला हवी होती. काकांनी यातलं काही केलं नाही. महिनाअखेर म्हणजे एक तारीख ठरली, तारीख ठरली म्हणजे सगळं क्रमानं होईल, असं त्यांच्या त्या वाकड्या डोक्याला वाटलं. बस आली आणि ते चढले.

परत आल्यावर त्यांनी सिस्टरची कादंबरी पुढ्यात घेतली. प्रुफावर बरोबर असलेलं काही चुकून खोडलं गेलं तर त्यावर एक तोड असते. खोडलेल्या शब्दाखाली ठिपके द्यायचे आणि समासात लिहायचं, 'आहे तसे ठेवा'. काकांनी आपण दिलेल्या एकेका दुरुस्तीखाली ठिपके द्यायला सुरुवात केली. पान पान करत सगळं पुस्तक. जुळारी करवादला, "वरातीमागून घोडं. हे आधी नाही सुचलं?" मालकांनी बोलावून विचारलं, "पाच आठवडे दुरुस्त केलंत आणि आता आहे तसे ठेवा? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आत्ता आलंय," काका म्हणाले.

ठिपके देता देता ते वाचत होते. वाचलेलं ते एकच पुस्तक. दर दुपारी ती बाई थोडी पुढं सरकायची आणि काका तिच्याबरोबर सरकायचे, आणि ती गप्प झाली की हात थांबवून बसून राहायचे. कोरं पान त्यांनी स्वतःच्या हातानं जागेवर लावलं. सतराव्या दुपारी बाई दारापर्यंत पोचते, दाराला हात लावते, आणि पुस्तक संपतं. पुढचं पान हरवलंय का म्हणून काकांनी चळत दोनदा मोजली. मग त्यांना समजलं, आणि त्यांनी तिथंही ठिपके दिले.

महिनाअखेरीला सहा दिवस होते तेव्हा छापखान्यात फोन आला. धाकट्या दिराचा आवाज होता. वहिनी जिन्यावरून पाय घसरून पडल्या. डोक्याला मार लागला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. सांगताना तो कुठंही अडखळला नाही.

चौथ्या दिवशी काका आणि काकू त्या गावच्या पोलीस ठाण्यात जाऊन बसले. टेबलामागे टाइपरायटर घेऊन एक लेखनिक होता, काकांच्याच वयाचा, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. माणूस वाईट नव्हता. त्यानं दोघांना पाणी दिलं, कोरा कागद चढवला आणि म्हणाला, "काय तक्रार आहे ती पहिल्यापासून सांगा."

काकांनी तोंड उघडलं.

"दार बाहेरून," ते म्हणाले. "म्हणजे मोरीत पाणी सांडलं होतं आणि तिनं पेन्सिलीनं मी पट्टी धरली होती ना तर खालची ओळ कडी आतून नव्हतीच मी भोकं बघितली चार आणि हात तिचा कप उजव्या हातात होता मी म्हटलं चल पण बस आली आणि दार"

लेखनिकाची बोटं यंत्रावर तशीच राहिली. "काका, असं नका करू. कुणी, काय, कधी, एवढंच सांगा. क्रमानं. नाहीतर मी टाइप काय करू?"

"हे म्हणतायत ते तसंच्या तसं लिहा," काकू म्हणाल्या.

"तसं चालत नाही, बाई. वर साहेब वाचणार, पुढं कोर्ट वाचणार." त्यानं खणातून एक कागद काढला. "सासरच्यांचा जबाब हा बघा. असा लागतो." काकांनी तो घेतला आणि वाचला. अर्धं पान होतं. त्यात एकही चूक नव्हती.

काकांनी पिशवीतून सात पत्रं काढून पुढं केली. लेखनिकानं ती चाळली. "यात तर सगळं छान आहे. काळजी घेतात म्हणून लिहिलंय पोरीनं."

"तेच तर."

"तेच काय? हे आम्ही दाखल केलं तर त्यांच्याच बाजूनं जाईल." त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. पुष्कळ बाप त्यानं त्या खुर्चीत पाहिले असावेत. "दुसरं काही आहे का? छळाबद्दल तिनं कधी कुणाला लिहिलं, कळवलं? एखादी चिठ्ठी असली तरी चालेल. तेवढ्यावर मी प्रकरण उभं करतो, माझा शब्द आहे."

"एक पत्र होतं," काका म्हणाले.

"मग द्या ना."

"परत पाठवलं."

"कुणाकडं?"

"तिच्याकडंच. त्या घरी."

"अहो, पण का?"

काकांनी काकूंकडं पाहिलं. काकू यंत्रावरच्या कोऱ्या कागदाकडं बघत होत्या.

"चुका होत्या त्यात," काका म्हणाले.